टेपखालचं बोट

टेपमावशीला माणसाचा चेहरा नंतर दिसतो, आधी माप दिसतं. रस्त्यात समोरून कोणी आलं की तिच्या मनात पहिलं उमटतं ते खांदा सोळा, छाती चाळीस, डावा खांदा जरा उतरलेला, आणि मग तोंडाने ती विचारते, "काय हो, बरं चाललंय ना?" बत्तीस वर्षं शिवणाच्या मशीनवर काढल्यावर माणसाचं दुसरं काय होणार! दुकान म्हणजे एकच खोली. दाराशी मशीन, मागे कापायचं टेबल, भिंतीला उंच आरसा, आणि आरशासमोर एक लाकडी ठोकळा. माप द्यायला आलेल्याने त्या ठोकळ्यावर उभं राहायचं, हात सैल सोडायचे आणि पोट आत ओढायचं नाही. ओढलं की मावशी कोपराने ढोसायची. "सोडा, श्वास सोडा. इथे काय परीक्षेला बसलाय?"

मापाच्या बाबतीत तिच्या दोन खोडी होत्या. पहिली म्हणजे कंबरेला टेप लावताना ती टेप आणि अंग यांच्यामध्ये आपल्या डाव्या हाताचं एक बोट घालायची. तिला काम शिकवणारे मास्तर म्हणायचे, "बोटाची जागा सोडली नाहीस तर गिऱ्हाईक कपड्यात उभं राहील, पण बसणार नाही, आणि शिव्या तुला घालेल." मास्तर गेले, बोट राहिलं. दुसरी खोड अशी की तुम्ही कशालाही या, ती अकरा मापं घेणारच. खांदा, गळा, छाती, कंबर, सीट, दंड, मनगट, मांडी, पोटरी, घोटा, उंची. नुसती बाही आखूड करायला आलेल्या पोस्टमनची पोटरी मोजली तेव्हा तो म्हणाला, "मावशी, टोपी शिवायला आलो तर पायाचा अंगठा मोजाल." मोजलाही असता. हे अकरा आकडे तारीख घालून काळ्या पुठ्ठ्याच्या वहीत उतरायचे. माणूस खोटं बोलेल, पण अकराच्या अकरा आकडे बोलणार नाहीत, यावर तिचा भारी विश्वास.

ठमी ही तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. कागदावर नाव चांगलं होतं, पण जन्मली तीच गुटगुटीत, आजोबांनी पाळण्यात डोकावून "ठमाबाई आल्या!" म्हटलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. मावशीला मूलबाळ नाही, नवरा लवकर गेला, त्यामुळे ठमी निम्मी इकडचीच. चोवीस वर्षांची धिप्पाड, हसरी पोरगी. हसली की कापायच्या टेबलावरच्या टाचण्या हलायच्या. मोठ्या रस्त्यावरच्या चार मजली दुकानात ती तळघरातल्या कोठीत काम करायची. अत्तराच्या बाटल्यांची खोकी फोडायची, चिठ्ठ्या चिकटवायच्या, माल वर पाठवायचा. वरच्या मजल्यावर काउंटरच्या मुली निळे कोट घालून उभ्या असायच्या. दिव्यांच्या उजेडात, गिऱ्हाइकांशी बोलत. ठमीला तिथे जायचं होतं. बोलण्यात ती त्या सगळ्यांना खिशात घालील अशी होती.

एक जागा रिकामी झाली तेव्हा वरच्या साहेबीणबाईंनी गेलेल्या मुलीचा कोट ठमीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हा बसला की वर ये. नवा शिवून मिळत नाही."

कोट बसत नव्हता. बटणं आणि काजं यांच्यात चांगलं तीन इंचांचं अंतर. ठमी तो घेऊन दुकानात आली. मावशीने कोट उलटा केला, बाजूच्या शिवणी चिमटीत धरून पाहिल्या आणि म्हणाली, "अगं, दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच कापड आत दाबलंय. अर्ध्या तासाचं काम. बस इथे, उसवून सोडून देते."

"नको, मावशी," ठमी म्हणाली. "कोट मोठा नाही करायचा. मीच बारीक होणार आहे. खाली सगळ्या म्हणतात, कोट फाटेल पण ठमी मावणार नाही. मावून दाखवते."

मावशीने कोट सुलटा करून परत दिला. तेव्हाच कान पकडून पोरीला बसवली असती तर? पण नाही. त्या आठवड्यात मावशी स्वतःच हवेत होती, कारण तिला मंचावर बोलावणं आलं होतं.

झालं होतं असं की फर्निचरच्या दुकानावरच्या सभागृहात एक मंडळ सुरू झालं होतं, 'हलकंफुलकं मंडळ' म्हणून. चालवणारी बाई आधी गाद्या विकायची. आता तिला सगळे मॅडम म्हणायचे. सकाळी कोमट पाण्यात हिरवी पूड, दुपारी दोन काकड्या, रात्री 'शुद्धीचा चहा', त्याबरोबर एक पांढरी गोळी, बस्स. भात नाही, पाव नाही, दूध नाही, अंडं नाही. चाळीस दिवसांत चाळिशीची बाई विशीची दिसते म्हणे! दर शनिवारी दुपारी सगळ्यांची कंबर चारचौघांत मोजायची, आकडा माइकवर वाचायचा आणि टाळ्या वाजवायच्या. मोजायला कोणीतरी तटस्थ, विश्वासाचं माणूस पाहिजे होतं. मॅडम स्वतः दुकानात आल्या. म्हणाल्या, "मावशी, या भागात तुमच्या टेपवर कोणी शंका घेणार नाही. तुम्ही म्हणाल तो आकडा."

बत्तीस वर्षं जिला कोणी "झाला का कपडा?" यापलीकडे काही विचारलं नव्हतं, तिला हे ऐकून काय वाटलं असेल! हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे. शनिवारी ती इस्त्रीचे कपडे घालून, गळ्यात टेप अडकवून मंचावरच्या खुर्चीत जाऊन बसली. आणि यादीत तिसरं नाव ठमीचं होतं.

पहिल्या शनिवारी मावशीने सवयीप्रमाणे बोट घालून मापं घेतली. ठमीची कंबर अडतीस. मॅडमनी माइकवर कंबर वाचली, मावशीने खोडीप्रमाणे अकराही आकडे वहीत लिहिले. दुसऱ्या शनिवारी पहिलीच बाई मंचावरच्या ठोकळ्यावर चढली आणि मॅडमनी हळूच मावशीचा हात धरला.

"बोट कशाला मध्ये, मावशी?"

"बोट नसलं तर कपड्यात श्वास घेता येत नाही."

मॅडम हसल्या. "आपल्याला कुठे कपडे शिवायचेत! काढा ते. आणि नवीन कोणी आलं की पहिल्या दिवशी मात्र ठेवत जा. आपली नेहमीची पद्धत म्हणून."

मावशीला कळलं नाही असं कोणी म्हणू नये. शेंबड्या पोरालाही कळेल इतकं ते सरळ होतं. बोट काढलं की कोणाचीही कंबर पाऊण इंचाने उतरते, मग त्याने पूड खाल्लेली असो नाहीतर अख्खा पाव. पण समोर पन्नास बायका टाळ्या वाजवायला हात उचलून बसल्या होत्या. तिने बोट काढलं. सभागृह दणाणलं. ठमीची कंबर सव्वासदतीस भरली, त्यावर ठमीने मंचावरच मावशीला मिठी मारली. "मावशी, एका आठवड्यात! खरंच होतंय गं!" मावशी म्हणाली, "हो, होतंय."

आणि मग जे काय सुरू झालं! शी! सांगतानासुद्धा नाक मुरडतं. चौथ्या शनिवारपासून त्या सभागृहात शिरलं की वास यायचा. पन्नास उपाशी तोंडांचा वास, नेलपॉलिश पुसायच्या पाण्यासारखा, आत कुठेतरी फळ नासल्यासारखा. माप घ्यायला जवळ जावं लागतं, त्यामुळे प्रत्येकीचा श्वास मावशीच्या तोंडावर. कोपऱ्यात एकच संडास, त्याच्यापुढे पोट धरून रांग. चहाचा परिणाम. आतून आवाज यायचे आणि मॅडम माइकवर सांगायच्या, "ऐका! विष निघतंय, विष! टाळ्या!" आणि लोक वाजवायचे हो! दुसऱ्याच्या जुलाबाला टाळ्या! चांगल्या शिकल्यासवरलेल्या, हिशेबाने वागणाऱ्या, दुकानात काकडी घेताना चार उलट्यापालट्या करून पाहणाऱ्या बायका. त्यांच्यातल्याच एका बेकरीवालीला एके आठवड्यात पित्ताशयातल्या खड्यांची कळ उठली, तिला उचलून न्यावं लागलं. मॅडमनी यादीतून तिचं नाव काढलं आणि म्हणाल्या, "शिस्त मोडली की असं होतं." त्यालाही माना डोलल्या.

मावशीला शिसारी यायची. घरी जाऊन ती टेप साबणाने धुवायची, हात तीनतीनदा धुवायची. पण पुढच्या शनिवारी पुन्हा इस्त्री करून तयार. माणसाला मानाची चटक लागली की नाक आपोआप बंद होतं.

ठमीचं तर काय विचारता. पहिले काही आठवडे ती नाचत होती. मग नाच थांबला. दुकानात यायची ती भिंतीला टेकून बसायची. पूर्वी हसली की टाचण्या हलायच्या. आता हसायच्या आधी ती दम घ्यायची. गरम दिवसातही स्वेटर. पाळी चुकली, तर मॅडम म्हणाल्या, "शरीर विश्रांती घेतंय." सहाव्या शनिवारी तिच्या गळ्यावरून टेप काढली तर टेपला केसांचा पुंजका लागून आला. मावशीने तो मुठीत दाबला आणि खिशात टाकला. समोर लोक होते.

वही मात्र गप्प बसत नव्हती. कंबर उतरत होती, पण दंड तिच्याहून भरभर उतरत होता. साडेबारा, बारा, साडेअकरा, अकरा. पोटरीही तशीच. चरबी पोटावर असते, दंडावर मांस असतं. हे सांगायला डॉक्टर कशाला, बत्तीस वर्षं बाह्या शिवणारीला ते कळतं. खोकी उचलणाऱ्या पोरीचा दंड आहे हा, तो जातोय कुठे? मावशीने आकडा लिहिला आणि पान उलटलं.

आठव्या शनिवारी घोटा वाढला. उंची सोडली तर बाकी सगळी मापं खाली आणि घोटा साडेआठचा सव्वानऊ. असं कुठे असतं? मावशीने पुन्हा मोजला. सव्वानऊच. तेव्हा तिने काय विचार केला सांगू? तिला वाटलं, टेप बिघडली. आपण तिला सारखी धुतो, ती आटली असणार, म्हणून आकडा जास्त दाखवते. दंडाच्या वेळी मात्र तीच टेप तिला खरी वाटली होती! सोमवारी तिने नवी कोरी टेप आणली, ठमीला दुकानात बोलावून घोटा पुन्हा मोजला. सव्वानऊ. तिचं बोट जिथे टेकलं होतं तिथे घोट्यावर खळगा पडला आणि बराच वेळ भरून आला नाही.

"हे काय गं?" मावशी म्हणाली.

"पाणी. मॅडम म्हणतात, चरबी वितळून खाली उतरते, मग जाते. एक गोळी वाढवली आहे त्यांनी." ठमीने मोजा वर ओढला. "मावशी, अर्धाच इंच राहिलाय. आता काही बोलू नकोस हं. आईला तर मुळीच नाही."

मावशीने नव्या टेपने घेतलेलं माप तारीख घालून वहीत लिहिलं, खाली रेघ मारली आणि मूग गिळून गप्प बसली.

अकराव्या आठवड्यात कोट बसला. बटणं लागली. सोमवारी ठमी वरच्या मजल्यावर गेली, दिव्यांच्या उजेडात उभी राहिली. मंगळवारी तिने मावशीला निरोप धाडला की तीन गिऱ्हाइकांनी तिच्याचकडून अत्तर घेतलं. बुधवारी दुपारी एका म्हाताऱ्या गृहस्थांना बाटली उघडून दाखवता दाखवता ती काउंटरमागे कोसळली. आधी लोकांना वाटलं बाटली पडली म्हणून वाकली. मग कोणीतरी पाहिलं की ती उठत नाही आणि ओठ निळे पडलेत.

इस्पितळात बहीण बाकावर बसली होती. ती कपडे धुण्याच्या दुकानात कामाला. तशीच, ओल्या बाह्यांनी धावत आलेली. दारामागे ठमी होती, छातीला तारा लावलेल्या, आणि एक यंत्र टीक टीक करत होतं. मध्येच टीक चुकायची आणि दोघी बहिणींचे श्वास अडकायचे. मावशी शेजारी बसायला गेली, तशी बहीण बाजूला सरकली.

"ताई," ती म्हणाली, "मी दिवसभर कामावर. मला ती म्हणायची, तुझ्याकडे जेवून आले. पण तू तर दर शनिवारी तिला हात लावत होतीस. डोक्यापासून पायापर्यंत. तुला काही कळलं नाही?"

मावशीला बहिणीचे पाय धरावेसे वाटले, तिथून पळूनही जावंसं वाटलं. ती म्हणाली, "मला काय कळणार गं, मी कपडे शिवणारी." आणि हे म्हणताना तिची तिलाच किळस आली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं आलेलं, बोलणं सरळ. म्हणाल्या, "रक्तातलं पोटॅशियम तळाला गेलंय, म्हणून हृदयाचे ठोके चुकताहेत. ती पांढरी गोळी लघवीवाटे पाणी काढायची आहे आणि चहा जुलाबाचा आहे. पाण्याबरोबर क्षारही वाहून गेले. आणि नुसती चरबी गेलेली नाही. उपाशी शरीर मांसही खातं. हृदय मांसाचंच असतं हो."

"मी सूप आणलंय," बहीण रडत म्हणाली. "पाव आणलाय, दूध आणलंय. आत्ता भरवते तिला, सगळं भरून निघेल."

"अजिबात नाही!" डॉक्टरीणबाई जवळजवळ ओरडल्याच. "इतक्या दिवसांच्या उपाशी माणसाला एकदम पोटभर घातलं तर त्यानेच जीव जातो. आम्ही थोडं थोडं चढवू, रोज रक्त तपासून. पण किती सांभाळून जायचं ते ठरवायला मला कळायला हवं, ही झीज कधीपासून आहे? किती वेगाने झाली? पायाला सूज कधी आली? तिला विचारलं तर म्हणते, मी एकदम बरी होते. कोणाला काही सांगता येईल?"

बहिणीने मान हलवली. तिला काय माहीत!

वही मावशीच्या पिशवीत होती. तिथे नसती तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. झाकली मूठ होती ती. उघडली नाही तर ती एक साधीभोळी मावशी, जिला काही कळलं नाही. उघडली तर अकरा शनिवार, दर शनिवारी अकरा आकडे, आणि प्रत्येक आकड्यात तिने पाहिलेलं आणि गिळलेलं. तिच्याच अक्षरात. आत टीक चुकली. मावशीने वही काढली आणि पुढे केली.

डॉक्टरीणबाईंनी उभ्याउभ्या पानं उलटली. मग बाकावर बसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून उलटली. दंडाच्या ओळीवरून त्यांचं पेन खाली खाली गेलं. घोट्याच्या आकड्यापाशी थांबलं, जिथे खाली रेघ होती.

"हे दोनदा मोजलंय?"

"टेप बिघडली वाटलं. नवी आणली."

"नव्या टेपनेही तेच आलं."

"हो."

"मग?"

डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "बाई, आमच्या वॉर्डातसुद्धा इतक्या नेमाने कोणी लिहीत नाही," त्या म्हणाल्या. "हिच्यावरून मला औषध ठरवता येईल. तीन आठवड्यांपूर्वी हीच वही घेऊन तुम्ही आला असतात, तर तिला या खोलीत यावंच लागलं नसतं." रागाने नव्हे, साधंच बोलल्या, आणि वही घेऊन आत गेल्या. बहिणीने सगळं ऐकलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून बसली.

मावशी निघाली तेव्हा परिचारिकेने एक पिशवी आणून दिली, ठमीचे कपडे म्हणून. छाती मोकळी करायला त्यांनी निळा कोट समोरून कात्रीने कापला होता, खालपासून गळ्यापर्यंत. मावशीने सवयीने तो उलटा केला. बाजूच्या शिवणीत दीड-दीड इंच कापड तसंच्या तसं दाबलेलं होतं. कोणी हातसुद्धा लावला नव्हता. अर्ध्या तासाचं काम.

शनिवार आला. मॅडमचा निरोप आला की सगळे वाट बघताहेत. मावशी गेली. इस्त्री केली नाही, होती त्या कपड्यांवर गेली. मंचावर चढली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने माइक हातात घेतला.

"ठमी इस्पितळात आहे," ती म्हणाली. "हृदयाचे ठोके चुकताहेत तिच्या. या पुडीने, या चहाने आणि त्या गोळीने. आणि तुमचा पहिल्या आठवड्याचा जो पाऊण इंच जातो ना, तो पुडीने जात नाही. तो माझ्या बोटाने जातो. पहिल्या दिवशी मी टेपखाली बोट घालते, दुसऱ्या शनिवारी काढते. हे असं." तिने आपल्याच कंबरेला टेप लावून दाखवली, बोट घालून आणि काढून. "मी तुम्हाला फसवलं. उठा, घरी जा, जेवा. पण चहा-गोळी घेतलेल्यांनी आधी डॉक्टरला दाखवा."

मॅडमनी सावकाश माइक काढून घेतला. "ठमीबद्दल आपल्या सगळ्यांनाच वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण ती चोरून काहीतरी खात असणार. विष आणि अन्न एकत्र आलं की असंच होतं. मावशींचं मन थाऱ्यावर नाही, समजून घ्या." चोराच्या उलट्या बोंबा! आणि लोक? लोकांनी समजून घेतलं. माना डोलल्या. पहिल्या रांगेतली एक बाई तर ठोकळ्यावर चढूनसुद्धा उभी राहिली, पोट आत ओढून. "ते असू दे हो मावशी," ती म्हणाली, "आज माझी किती भरते तेवढी सांगा." तिचा श्वास मावशीच्या तोंडावर आला, तोच वास. तिच्या पायातले मोजे घोट्यात रुतले होते.

"बाई, तुमचे पाय सुजलेत," मावशी म्हणाली.

"पाणी उतरतंय ते. कंबर मोजा."

मावशीने टेप गळ्यातून काढली, गुंडाळली, आणि खाली उतरली. मागे मॅडमनी दुसरी टेप काढल्याचं तिने ऐकलं, आणि मग टाळ्या. दाराशी शाळेतल्या एक बाई तिच्या पाठोपाठ आल्या. त्यांनी पर्समधून गोळ्यांची डबी काढून मावशीला दाखवली आणि विचारलं, "हीच का?" मावशी हो म्हणाली. त्यांनी डबी घट्ट बंद केली आणि डॉक्टरांचा पत्ता विचारला. पन्नासांतली ही एक.

ठमी वाचली. सव्वा महिना इस्पितळात, मग घरी. केस विरळ झालेत, जिना चढताना मध्ये थांबते, हृदयाची एक गोळी सुरू आहे आणि ती किती वर्षं घ्यायची ते डॉक्टरीणबाईंनी अजून सांगितलेलं नाही. वरची जागा भरली गेली. ती पुन्हा कोठीत चिठ्ठ्या चिकटवते, बसून. मावशीने तिला बोटाचं सगळं सांगितलं, इस्पितळातच. ठमी छताकडे बघत पडून राहिली, आणि नंतर कित्येक आठवडे दुकानाकडे फिरकली नाही.

परवा आली. अंगावरचं सगळं लोंबत होतं, आणि अंग हळूहळू भरत होतं. काहीतरी बेताचं शिवायला हवं होतं. स्वतःहून ठोकळ्यावर चढली. मावशीने खांद्यापासून सुरुवात केली. दंड भरून परत अकरावर आला होता. मावशीने लिहिताना नाक ओढलं. कंबरेशी आल्यावर ठमी आरशात बघत म्हणाली, "बोट आहे?"

"आहे गं."

"दाखव."

मावशी वाकलेली होती ती तशीच वळली, आणि टेपखाली घातलेलं बोट तिला आरशात दिसेल असं धरलं. ठमीने ते नीट बघितलं. मग श्वास सोडला आणि म्हणाली, "लिही."